डोक्याच्या जागी कुकर

यंदा अँब्रोजच्या वेलाला भोपळा धरला नाही.

ठाण्यातल्या त्या गावठाणात ही बातमी लहान नव्हती. दर ऑक्टोबरात चर्चमध्ये आगेरा होतो. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. पहिली कणसं देवापुढे ठेवायची, आणि मग घराघरातून आलेल्या वस्तूंचा मांडवात लिलाव करायचा. जे मिळेल ते चर्चला. गावठाणात आता शेत उरलेलं नाही, भात फक्त ताटात दिसतो. म्हणून कणसं शहापूरकडून टेम्पोने येतात. फादर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात आणि देवही समजूतदार, तो कणसांचा पत्ता विचारत नाही.

लिलावात मात्र अजून घरचंच लागतं. कोणी केळीचा घड देतं, कोणी कोंबडा, कोणी जांभळाची वाइन. अँब्रोजच्या घरातून भोपळा यायचा. न्हाणीघराच्या पत्र्यावर वेल चढलेला असायचा, आणि भोपळा असा की उचलायला दोन माणसं लागावीत. पण यंदा शेजारी टॉवर उभा राहिला आणि त्याने सगळं ऊन स्वतःकडे ठेवून घेतलं. वेलाला नुसती फुलं आली. फुलांची भजी झाली, ती खाऊन संपली.

"बाटली मसाला दे," फेलिशिया म्हणाली. ती ओट्यापाशी कोळंबी सोलत होती. "बरणीभर देते. लोक भांडतील त्याच्यासाठी."

"भोपळ्याच्या जागी मसाला? मसाला तर सगळेच देतात."

"मग काय देणार? तुझं डोकं? ते कोण घेईल?"

"चित्र देतो," अँब्रोज म्हणाला.

फेलिशियाच्या हातातली कोळंबी तशीच राहिली. "कुठलं?"

"'रविवार दुपार'."

"अरे देवा," फेलिशिया म्हणाली, आणि हे तिने अगदी प्रार्थना म्हणून म्हटलं.

अँब्रोज उभं आयुष्य वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लोखंडी कपाटांना रंग मारत होता. रंग एकच, करडा. सकाळी करडा, दुपारी करडा, दिवाळीच्या आधी जास्त करडा. कारखाना बंद पडला तेव्हा सगळे हिशेब मिटवून मालकाने कामगारांना नारळ दिला. अँब्रोजने नारळाबरोबर ऑफिसच्या दारंखिडक्यांसाठी आणलेले उरलेसुरले डबेही मागून घेतले. लाल, पिवळा, हिरवा, मोरपंखी. घरी आल्यावर त्याने पेटीचं एक प्लायवूडचं फळकूट आडवं ठेवलं, आणि इतकी वर्षं करड्या रंगाखाली जे काही दाबून ठेवलेलं होतं ते भराभर बाहेर यायला लागलं.

बाहेर आलं ते भलतंच होतं. कपाटातून उगवलेला माड. घड्याळ गिळणारी मांजर. पाय असलेली होडी, तीही चपला घातलेली.

त्याची मुलगी सेरेना लग्न होऊन डोंबिवलीला राहते. तिने ही चित्रं बघितली आणि म्हणाली, "पप्पा, याला सररिअ‍ॅलिझम म्हणतात." अँब्रोजला फार बरं वाटलं. वर्षानुवर्षं कुठेतरी दुखत असावं आणि शेवटी डॉक्टरने त्या दुखण्याचं नाव सांगावं, तसं.

"म्हणजे काय पण?" फेलिशियाने विचारलं होतं.

खरं तर ही गोष्ट अवघड नाही, लहान मुलालाही कळते. आपल्याला स्वप्न पडतं. स्वप्नात आपण आत्याच्या घरी जातो, पण ते घर पोस्टात असतं, आणि आत्या दार उघडते तर ती आपली गणिताची बाई असते, आणि तिच्या हातात जिवंत मासा असतो. आपण घाबरत नाही. आपण मासा घेतो, पिशवीत टाकतो आणि सुट्टे पैसे मागतो. जागेपणी असं चित्र काढायचं, एवढंच.

'रविवार दुपार' या चित्रात एक दिवाणखाना होता. सोफ्यावर एक भला मोठा बोंबील टाय लावून, पायावर पाय टाकून पेपर वाचत बसला होता. बोंबलाला पाय कुठून आले हे विचारायचं नाही. वर पंखा होता, त्याला पात्यांच्या जागी केळी होती. आणि मधोमध चौकड्यांचं लुगडं नेसलेली एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या मानेवर डोकं नव्हतं. डोक्याच्या जागी प्रेशर कुकर होता. शिट्टी वर उडालेली, आणि वाफेतून छोटे छोटे कावळे निघून खिडकीबाहेर चाललेले.

"ही मी नाय," फेलिशियाने तेव्हाच जाहीर केलं होतं.

"मी कुठे म्हटलं तू आहेस म्हणून?"

"म्हणू पण नको."

अँब्रोजची चित्रं माळ्यावर होती. पुढच्या खोलीत शेवटच्या भोजनाची तसबीर होती, मागच्या खोलीत कॅलेंडर आणि लग्नाचा फोटो. चित्राला जागा म्हणून फेलिशियाने न्हाणीघराबाहेरची भिंत देऊ केली होती, पण तिथे ओल येते. सेरेनाचा फ्लॅट लहान. पाहुणे यायचे, बघायचे, "वा, छान टाइमपास आहे," म्हणायचे आणि चहा प्यायचे. अँब्रोजला पैसे नको होते, नाव नको होतं. त्याला एकच हवं होतं. आपलं एक चित्र कोणीतरी आपणहून घरी न्यावं, भिंतीवर लावावं आणि रोज येता जाता बघावं. बस. एवढ्यासाठी त्याने मेणाच्या फडक्याने 'रविवार दुपार' पुसलं आणि रविवारी सकाळी डोक्यावर घेऊन चर्चकडे निघाला.

मांडवात लिलाव पुकारायला बस्त्याव उभा होता. बस्त्याव अँब्रोजचा चुलतभाऊ, आवाज असा की माइक नसता तरी कळव्यापर्यंत ऐकू गेला असता. त्याच्यापुढे टेबलावर पितळेची घंटा. एक, दोन, तीन म्हणायचं आणि घंटा वाजवायची. वाजली की वस्तू विकली.

"भोपळा कुठाय?" बस्त्यावने विचारलं.

"हे आहे."

बस्त्यावने चित्र उभं धरून बघितलं, मग लांब धरून बघितलं, मग मागची बाजू बघितली. मागे काही नव्हतं. "अँब्रोज, हे खायचं कसं?"

"बघायचं."

"बरं," बस्त्याव म्हणाला आणि त्याने चित्र दुधी आणि वाइनच्या मधे टेकवून ठेवलं.

इथे या गावठाणाची एक रीत सांगायला हवी. लिलावात घेतलेली वस्तू घरी नेलीच पाहिजे असं नाही. पैसे भरायचे आणि माइकवर म्हणायचं, "देवाचं देवाला, परत देतो." मग टाळ्या पडतात, आणि तीच वस्तू पुन्हा लिलावाला निघते. त्या सकाळी मिंगेलच्या घरचा कोंबडा असा इतक्यांदा विकला गेला की शेवटी तो स्वतःहून टेबलावर चढून बसायला लागला. चर्चला पैसे मिळतात, देणाऱ्याला पुण्य मिळतं आणि कोंबडा आणखी तासभर जगतो. कोणाचंच वाईट होत नाही.

चित्राची पाळी आली तेव्हा मांडव भरलेला होता.

"आता बघा!" बस्त्याव ओरडला. "आपल्या अँब्रोजच्या हातचं! असं चित्र ठाण्यात नाही, मुंबईत नाही! बोंबील बघा, ताजा! टाय बघा! घरी लावाल तर घरफोडीला आलेला चोर परत जाईल! बोला!"

कोणी बोललं नाही. अँब्रोज पहिल्या रांगेत होता. त्याचे कान तापले. शेजारी फेलिशिया पर्समधून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसत होती.

"पाचशे," मागून आवाज आला. तो केव्हिन होता, अँब्रोजचा भाचा. केव्हिनला येत्या पालिका निवडणुकीत तिकीट हवं होतं, त्यामुळे सध्या तो प्रत्येक गोष्टीला हात वर करत होता. कोणीतरी सातशे म्हटलं. केव्हिन हजार म्हणाला. एक, दोन, तीन, घंटा. केव्हिन पुढे आला, चित्राबरोबर त्याने फोटो काढून घेतला, मग माइक हातात घेतला. "देवाचं देवाला! परत देतो!"

टाळ्या.

दुसऱ्यांदा ते हरिहर दातारांनी घेतलं. दातार अँब्रोजच्या कारखान्यात स्टोअर्सचे अधिकारी होते, निवृत्तीनंतर डोंबिवलीला स्थायिक झालेले. आगेऱ्याला दरवर्षी यायचे, मुख्यतः पोटॅटो चॉपसाठी. त्यांनी माइक घेतला तो लगेच सोडला नाही.

"या चित्रात मला यंत्रयुगाची विदारक चिकित्सा दिसते," ते म्हणाले. "हा जो मत्स्य आहे, तो आपल्या सर्वांच्या आत दडलेला कारकून आहे. आणि हा कुकर म्हणजे दाबलेल्या समाजमनाचं प्रतीक."

"तो कुकर म्हणजे कुकर आहे," फेलिशिया पुटपुटली.

"असं हे मौलिक चित्र," दातार म्हणाले, "मी देवाला परत देतो."

टाळ्या आणखी मोठ्या झाल्या. मग चर्चच्या महिला मंडळाने वर्गणी काढून ते घेतलं. कुठे लावायचं यावर त्यांचं एकमत झालं नाही, पण कुठेच लावायचं नाही यावर झालं, आणि त्यांनीही परत दिलं. मग गायनवृंदाने घेतलं. मग गल्फहून सुट्टीवर आलेल्या एकाने घेतलं, तो तर माइकवर बोलताना रडला, आणि त्यानेही परत दिलं. फादरांच्या चेहऱ्यावर चर्चचं नवं छप्पर दिसायला लागलं. बस्त्यावने किती वेळा विकलं ते मोजणं सोडून दिलं. कोंबडा केव्हाच मागे पडला होता.

अँब्रोज हवेत होता. त्याने फेलिशियाला कोपराने ढोसलं. "बघितलंस?"

"बघतेय," फेलिशिया म्हणाली.

केव्हिनने चित्र पुन्हा घेतलं तेव्हा अँब्रोजला राहवलं नाही. तो उठून त्याच्याजवळ गेला. "अरे, इतकं आवडलं असेल तर परत नको देऊस. घरी ने ना. हॉलमध्ये छान दिसेल."

केव्हिन हसला. "काय अंकल! डोनेशन आहे ना हे. घरी नेलं तर बायको मलाच न्हाणीघराबाहेर लटकवेल." आणि तो माइककडे गेला. "देवाचं देवाला!"

अँब्रोज जागेवर येऊन बसला. टाळ्या वाजत होत्या. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि आपल्या चपलांकडे बघत राहिला. आता त्याला सगळं कळलं होतं. लोक चित्र घेत होते कारण ते न्यावं लागणार नव्हतं.

फेलिशियाने त्याच्याकडे बघितलं. मग स्टेजवर बघितलं, तिथे बस्त्याव चित्र पुन्हा वर उचलत होता. कमरेवर हात ठेवलेली बाई पुन्हा एकदा साऱ्या गावासमोर उभी होती.

फेलिशिया उठली. ती तरातरा स्टेजवर चढली आणि तिने माइक बस्त्यावच्या हातातून काढून घेतला. माइक किंचाळला, पण तिच्याएवढा नाही.

"मी काय कोंबडा आहे का रे?"



"वहिनी, तुम्ही?" बस्त्याव म्हणाला. "तुमचा काय संबंध? हे चित्र आहे."

"ही मी आहे! लुगडं माझं. हात ठेवायची पद्धत माझी. आणि कुकर पण माझाच, त्याची दांडी बघ, तुटलेली आहे, मीच तार बांधलीय. सकाळपासून आख्ख्या गावाने मला विकत घेतलं आणि आख्ख्या गावाने परत केलं! केव्हिन, तू तर दोनदा परत केलंस. बाप्तिस्म्याला तुला मी धरलेलं, तेव्हा परत दिलेलं का तुझ्या आईला? दिलं असतं तर बरं झालं असतं!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

"ऐका आता," फेलिशिया म्हणाली. "यापुढे जो घेईल तो घरी नेईल. परत नाही. देवाला पण नाही. देवाकडे पुष्कळ भिंती आहेत, त्याला हवं असतं तर त्याने सांगितलं असतं."

बस्त्यावने फादरांकडे बघितलं. फादरांनी वर, गळक्या छपराकडे बघितलं. "ठीक आहे," ते म्हणाले, "वस्तू देणाऱ्याची इच्छा."

"तर मग बोला," बस्त्याव म्हणाला. आवाज अर्धा झाला होता. "पाचशेपासून."

मांडवातली सगळी माणसं अचानक कामात गुंतली. कोणी मुलाचं नाक पुसलं. कोणी फोन कानाला लावला, फोन वाजला नव्हता तरी. दातार पोटॅटो चॉपच्या स्टॉलकडे तोंड करून उभे राहिले. गल्फवाल्याला विमान आठवलं, त्याचं विमान पुढच्या आठवड्यात होतं.

"चारशे," बस्त्याव म्हणाला. "तीनशे. अरे, प्लायवूडचेच तेवढे होतील."

अँब्रोज उठला. चित्र घ्यावं, डोक्यावर ठेवावं आणि घरी जावं असं त्याने ठरवलं. न्हाणीघराबाहेर ओल येते तर येऊ दे. फेलिशिया स्टेजवर हात कमरेवर ठेवून उभी होती आणि शेजारी चित्र, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला ती दोनदा दिसत होती.

"ओ बस्त्यावदादा," मांडवाच्या बाहेरून आवाज आला. "मना पायजे त्या चित्तर. पाचशे देतंय."

सगळ्यांनी माना वळवल्या. बाहेर रस्त्याकडेला सुक्या मासळीच्या टोपल्या लावून रंगूबाई बसली होती. रंगूबाई कळव्याची. दर आगेऱ्याला ती सुकट, वाकट्या, बोंबील घेऊन यायची, चर्चमधली माणसं प्रार्थना संपवून थेट तिच्या टोपलीवर यायची. ती उठून मांडवाच्या कडेला आली, हात पदराला पुशीत.

हसू फुटलं. केव्हिन ओरडला, "मावशी, त्यातला बोंबील सुकवून विकणार काय?"

"तुज्यासारका हाय त्यो बोंबील, टाय लावून बसलेला. त्याला कोन घेईल?" रंगूबाई म्हणाली. आता सगळे केव्हिनवर हसले.

दातार पोटॅटो चॉप हातात घेऊन वळले. कुतूहल त्यांना गप्प बसू देईना. "बाई, पण तुम्हाला या चित्रात नेमकं काय आवडलं?"

रंगूबाईने विचार केला. घाई केली नाही.

"ती बाय," ती म्हणाली. "सकालपासना बगतंय मी तिला. ह्यांनी वर उचलली की मना दिसते, खाली ठेवली की नाय. माजे डोक्यान पन तशाच शिट्ट्या वाजतान. पहाटं बाजार, मंग टोपल्या, मंग घर, मंग नातवंडं. कोनाला सांगितलं तं बोलतान, रंगू, डाक्तरला दाखव. ह्या बायचं कसं, सगल्यांना दिसतंय. आनि कावले बगा ना, कसं उडून चाललेत. माजे कावले आतच बसलेत मेले." तिने पदर खोचला. "भिंतीवर लावीन. बगीन रोज."

महिला मंडळातल्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि मग चित्राकडे, पहिल्यांदाच नीट.

आणि मग माणसांचं जे होतं ते झालं. कोणालाच नको असलेली वस्तू एकाला मनापासून हवी आहे म्हटल्यावर ती सगळ्यांना हवीशी वाटायला लागली. महिला मंडळाच्या अध्यक्षांनी पर्स उघडली. गल्फवाल्याचं विमान लांबलं. केव्हिन आपल्या बायकोच्या कानात काहीतरी पटवत होता. आणि दातार भरभर पुढे येत होते.

"अँब्रोज, माझ्या हॉलमध्ये," ते म्हणाले, "सोफ्याच्या वर! वर फोकस लावतो, पितळी! येणारा प्रत्येक माणूस बघेल, मी स्वतः समजावून सांगेन!" त्यांनी चॉप धरलेला हात वर केला. "बस्त्यावजी, मी दोन ह—"

अँब्रोज टेबलाशी पोचला होता. दातारांचा हॉल त्याने बघितलेला होता. मोठा, पांढरा, सगळीकडून उजेड. तिथे चित्र खरंच छान दिसलं असतं. डोंबिवलीचे वकील, डॉक्टर, मास्तर सोफ्यावर बसून त्याबद्दल बोलले असते, आणि बोलणं ऐकत त्यांचा चहा थंड झाला असता. त्याच्या नावाचाही उल्लेख झाला असता. हे सगळं त्याला आवडलं असतं, यात शंका नाही. त्याने रंगूबाईकडे बघितलं. तिने कनवटीची पिशवी सोडली होती आणि ती दातारांच्या वर गेलेल्या हाताकडे बघत होती, आणि पिशवी हळूहळू परत बांधत होती.

अँब्रोजने घंटा उचलली आणि वाजवली.

"अरे!" बस्त्याव ओरडला. "एक-दोन-तीन म्हटलं नाही अजून!"

"मी मनात म्हटलं," अँब्रोज म्हणाला.

"मनातलं कसं चालेल?"

"प्रार्थना चालते ना?"

केव्हिन पुढे धावला. "अंकल, हे बरोबर नाही! चर्चचं नुकसान आहे! दातारकाका हजारात बोलत होते!"

"चर्चने सकाळपासून मला विकलंय," फेलिशिया म्हणाली. "पुरे झालं चर्चला. आणि तुला एवढंच वाटत असेल तर पैसे तू भर, घरी काही न नेता. कोंबडा आहे बघ अजून."

फादरांनी छपराकडे पुन्हा एकदा बघितलं, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "घंटा वाजली म्हणजे वाजली." मग ते हळूच रंगूबाईच्या टोपल्यांकडे गेले. दुपारी त्यांच्या ताटात सुकट होती, असं कळलं.

चित्र त्या संध्याकाळी रंगूबाईच्या मुलाच्या, प्रीतमच्या रिक्षातून कळव्याला गेलं. मागच्या सीटवर चित्र बसलं आणि रंगूबाई पुढे प्रीतमच्या शेजारी, टोपली मांडीवर. जाताना तिने अँब्रोजला बजावलं, "ज्यानं इकलं त्यानंच लावून दिला पायजे. उद्या या. खिले घेऊन या, आमच्याकं नायत."

दुसऱ्या दिवशी अँब्रोज खिळे आणि हातोडी घेऊन गेला. फेलिशियाही गेली. का, ते तिने सांगितलं नाही. वाटेत एवढंच म्हणाली की कळव्याला वाकट्या स्वस्त मिळतात.

रंगूबाईची खोली निळी होती, निळ्याहून निळी. एका भिंतीवर एकवीरा आईचा फोटो, हार घातलेला रंगूबाईचा नवरा, आणि कोपऱ्यात टीव्ही. सून रसिका चहा टाकत होती आणि नवीन पाहुणीकडे, म्हणजे भिंतीला टेकवलेल्या चित्राकडे, पाठ करून टाकत होती.

"आईच्या बाजूला लावू?" अँब्रोजने विचारलं.

"नको. आई कुकर बगील आनि जेवान मागील," रंगूबाई म्हणाली. "टीवीच्या वर लाव. मालिका लागतान तवा हिच्याकं बगीन. टीवीतल्या बायांचे डोक्यान काय नसतं."

"आत्या, पाहुणे काय म्हणतील?" रसिका सासूला म्हणाली.

"काय बोलतील? भात शिजला का इचारतील."

अँब्रोज स्टुलावर चढला. त्याने भिंत ठोकून बघितली, एक खिळा ठोकला, दोन खिळे ओठांत धरले. प्रीतमने खालून चित्र वर दिलं. मोरपंखी दिवाणखाना निळ्या भिंतीवर गेला आणि जरा वेगळाच दिसायला लागला. बोंबील आता पेपर वाचता वाचता बाहेर, खोलीत बघतोय असं वाटत होतं. अँब्रोजला हे त्याने रंगवताना कधी दिसलं नव्हतं.

"आई," प्रीतम मान वाकडी करून म्हणाला, "ही बाई कोण आहे पण?"

"मी," रंगूबाई म्हणाली.

फेलिशियाने बशीत ओतलेला चहा ओठापर्यंत नेलेला होता. तो तिथेच थांबला. "तुम्ही कशा? मी आहे ती."

"तू कशी असशील, बाय? तू तं माज्यासमोर बसलीस. तुला डोकं हाय."

"लुगडं माझं आहे! लग्नातलं! माझ्या आईने दिलेलं!"

"लुगडं तुजं असंल," रंगूबाई समजूत घालत म्हणाली. "मी कुटं नाय बोलतंय? पन डोकं माजं हाय."

"डोकंच नाय तिथे! कुकर आहे!"

"त्योच बोलतंय मी. त्यो माजा."

"कुकरची दांडी बघा! तार दिसतेय का? ती तार मी बांधलीय, माझ्या हाताने!"

"माज्या कुकरला पन तार हाय. रसिका, आन गो आपला कुकर, दाखव हिला."

रसिका कुकर आणायला गेली, कारण आता तिलाही बघायचं होतं. प्रीतम मोबाइल काढून उभा राहिला. फेलिशियाने बशी खाली ठेवली, उठली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. तिच्यासमोर रंगूबाईनेही ठेवले.

"हे बघ, अँब्रोज इथेच आहे," फेलिशिया म्हणाली. "ज्याने काढलं त्यालाच विचारू. अँब्रोज! सांग हिला. कोण आहे ती?"

"हां, सांग दादा," रंगूबाई म्हणाली. "खरं सांग. आईच्या फोटूसमोर."

दोघी स्टुलाखाली उभ्या राहून वर बघत होत्या. अँब्रोजने उत्तर देण्यासाठी ओठांतले खिळे काढून हातात घेतले. दोघींकडे एकेकदा बघितलं. मग थोडा विचार केला आणि खिळे परत ओठांत धरले.